वजाबाकी कोणाची? शालेय गणिताच्या भाषेचा एक विसरलेला इतिहास

दहावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यात पहिली चौकशी होते ती गणिताची. "गणितात किती पडले?" बाकीचे विषय नंतर. गणितात मुलगा राहिला तर बहुधा त्याची शाळा तिथेच सुटते आणि तो गॅरेजवर किंवा दुकानात लागतो. मुलगी राहिली तर घरात तिच्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. एका विषयाने किती घरांचे भवितव्य ठरवावे, याचा विचार केला की मन अस्वस्थ होते. म्हणूनच अलीकडे आईबाप पोटाला चिमटा काढून मुलांना पहिलीपासून इंग्रजी माध्यमात घालतात. त्यांच्या मनात एक पक्का समज असतो. गणित मुळात इंग्रजांचे, ते इंग्रजीतच नीट येते. मराठीत किंवा उर्दूत शिकलेले गणित म्हणजे दुय्यम प्रतीचा माल.

हा समज खरा आहे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही इतिहासाची काही पाने चाळली. त्यात जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात शाळेच्या फळ्यापासूनच करू. दुसरीच्या वर्गात गुरुजी फळ्यावर 'वजाबाकी' असा शब्द लिहितात. यातला 'वजा' अरबी आणि 'बाकी'ही अरबी. 'बेरीज' हा शब्द फारसी दफ्तरातून मराठीत आला. जमा, खर्च, रक्कम, हिशेब, वसूल हे सगळे त्याच वाटेने आलेले पाहुणे आणि आता घरचेच झालेले. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. राज्यकर्त्याने आपल्या राज्याची भाषा घडवण्याचा तो मोठा प्रयत्न होता. तरीही बाजाराच्या तोंडी जमा, बाकी आणि रक्कम टिकूनच राहिले. त्याच फळ्यावर पुढच्या महिन्यात गुरुजी 'गुणाकार' आणि 'भागाकार' लिहितात. हे शब्द संस्कृत वळणाचे. म्हणजे मराठी शाळेतल्या चार मूलक्रियांपैकी दोन दफ्तरातून आल्या आणि दोन संस्कृतातून. फळ्यासमोर बसलेल्या मुलाला हे कोणी सांगत नाही. सांगितले असते तर आमच्या मुलाला मराठी शाळेत परके वाटले नसते आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मुलालाही तो परका वाटला नसता.

गणिताचा अभ्यासक्रम तयार करणे म्हणजे धड्यांची यादी करणे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात अभ्यासक्रम करणाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. काय शिकवायचे? मुलाला आधीच ठाऊक असलेल्या कोणत्या गोष्टीपासून सुरुवात करायची? आणि हे सारे कोणत्या भाषेत सांगायचे? पहिल्या प्रश्नावर तज्ज्ञांच्या समित्या बसतात. मुलाचे नशीब ठरते ते मात्र पुढच्या दोन प्रश्नांवर.

हे प्रश्न आपल्या मुलखाला नवे नाहीत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापला, त्याची ही नोंद. साल इ. स. १२०७. एका गणितज्ञाच्या पुस्तकांवर चालणाऱ्या शाळेसाठी दान दिल्याचा हा दाखला महाराष्ट्राच्या मातीतलाच आहे. पुढे याच भास्कराचार्यांची 'लीलावती' अकबराच्या दरबारातील कवी फैझी याने १५८७ साली फारसीत आणली. त्यांच्याच 'बीजगणिता'चा फारसी अनुवाद शाहजहानच्या काळात अताउल्ला रुश्दी याने केला. हा अताउल्ला म्हणजे ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, बीबी का मकबरा बांधणारा वास्तुकार तोच. मकबरा पाहायला आपण मुलांना सहलीला नेतो. तो उभारणाऱ्या माणसाने महाराष्ट्राच्या भास्कराचार्यांचे बीजगणित फारसी वाचकांपर्यंत पोहोचवले, हे मात्र सहलीत कोणी सांगत नाही.

मदरशांतही गणित होते. अठराव्या शतकात लखनौच्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने जो 'दर्स-ए-निजामी' अभ्यासक्रम रूढ झाला, त्यात बहाउद्दीन आमिली यांचे 'खुलासतुल हिसाब' आणि युक्लिडच्या भूमितीचा पहिला भाग शिकवला जाई. महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळेत तिसापर्यंतचे पाढे आणि वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेतले जात. या शाळेतून बाहेर पडलेला मुलगा दुकानावर बसला तर कागद-पेन्सिलीशिवाय साडेतीन शेरांचा भाव सांगत असे.

पण या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाऊन थांबणे बरोबर नाही. मदरशात युक्लिड होता, पण तो अरबीत, मोजक्या तालिब-इल्मांसाठी. पंतोजींकडे पाढे होते, पण ते का बरोबर येतात हे विचारण्याची सोय नव्हती, आणि विचारणाऱ्याच्या पाठीवर छडी होती. एकीकडे तत्त्व होते तर दुसरीकडे व्यवहार. आणि दोघांमध्ये पूल नव्हता. बोलीभाषेत बोलणाऱ्या मुलाला बोलीभाषेतच वरच्या दर्जाचे गणित कारणासकट शिकवायचे, हा प्रयोग अजून व्हायचा होता. तो एकोणिसाव्या शतकात झाला, आणि साधारण एकाच सुमारास दिल्लीत व मुंबईत झाला.

आधी दिल्लीची गोष्ट. अजमेरी दरवाजाजवळच्या गाजीउद्दीनच्या मदरशात १८२५ साली दिल्ली कॉलेज सुरू झाले. १८२९ मध्ये लखनौच्या नवाब इतिमादुद्दौला यांनी कॉलेजला एक लाख सत्तर हजार रुपयांची देणगी दिली. कॉलेजला दोन शाखा होत्या, एक इंग्रजी आणि दुसरी पौर्वात्य. या दुसऱ्या शाखेचे वैशिष्ट्य असे, की तेथे अरबी-फारसीबरोबर नवे विज्ञान आणि गणित उर्दूतून शिकवले जाई. पण शिकवायचे तर पुस्तके हवीत. फेलिक्स बूत्रोस हे फ्रेंच गृहस्थ १८४१ मध्ये प्राचार्य झाले आणि अनुवादाच्या कामाने जोर धरला. बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती, यंत्रशास्त्र अशी पुस्तके उर्दूत होऊ लागली. त्यांच्यानंतर आलेल्या आलोईस श्प्रेंगर यांनीही हे काम पुढे चालवले.

या मंडळींनी पारिभाषिक शब्दांसाठी घेतलेले धोरण आजही विचार करण्यासारखे आहे. जिथे उर्दूत चालणारा शब्द आधीच आहे तिथे तोच वापरायचा. त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला जाविया, वर्तुळाला दायरा हे शब्द मदरशात शतकानुशतके रुळलेले होते. ते तसेच घेतले. जिथे शब्दच नाही तिथे ओढूनताणून नवा जडजंबाल शब्द घडवण्यापेक्षा इंग्रजी शब्द आहे तसा ठेवायचा. म्हणजे मुलाच्या ओळखीच्या शब्दांपासून निघायचे, आणि अनोळखी शब्दाची भीती बाळगायची नाही.

या कॉलेजात १८४४ साली रामचंद्र नावाचा तेवीस वर्षांचा तरुण शिक्षक म्हणून रुजू झाला. जन्म १८२१, पानिपतचा. बाप लहानपणीच वारला. आईने सहा मुलगे वाढवले. अकराव्या वर्षी रामचंद्रचे लग्न एका संपन्न घरातील मुलीशी झाले. लग्नानंतर कळले की ती मूकबधिर आहे. घर चालवण्यासाठी त्याने काही काळ कारकुनी केली आणि पुन्हा शिष्यवृत्ती मिळवून शिकायला आला. पुढे सारी दिल्ली त्याला 'मास्टर रामचंद्र' म्हणून ओळखू लागली. उर्दू शाखेत गणित आणि विज्ञान शिकवणे हे त्यांचे काम. शिवाय ते 'फवाइदुन्नाजिरीन' आणि 'मुहिब्ब-ए-हिंद' ही उर्दू नियतकालिके काढत आणि त्यांतून विज्ञान, इतिहास व समाजसुधारणा यांवर सोप्या उर्दूत लिहीत.

वर्गात शिकवताना रामचंद्रांच्या लक्षात एक गोष्ट आली. युरोपातली पुस्तके भूमितीच्या पायावर उभी आहेत. आपल्या मुलांची परंपरा मात्र बीजगणिताची आहे. एकीकडे भास्कराचार्य, दुसरीकडे ख्वारिज्मीचे 'जबर व मुकाबला'. मग वरचे गणितही या ओळखीच्या दाराने का नेऊ नये? याच विचारातून त्यांनी 'महत्तम आणि लघुत्तम' या विषयावर ग्रंथ लिहिला. जे प्रश्न युरोपात कलनशास्त्राने, म्हणजे कॅलक्युलसने सोडवत, ते निव्वळ बीजगणिताने सोडवून दाखवले.

त्यांची रीत किती साधी होती हे एका उदाहरणाने पाहू. उदाहरण आमचे, रीत त्यांची. समजा चाळीस मीटर तार आहे आणि तिने आयताकृती जागेला कुंपण घालायचे आहे. जास्तीत जास्त किती जागा आत घेता येईल? लांबी आणि रुंदी मिळून वीस मीटर होणार. लांबी 'क्ष' धरली तर रुंदी वीस वजा 'क्ष'. दोहोंचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ. त्याला 'र' म्हणू. आता हे वर्गसमीकरण सोडवले की उत्तर येते : क्ष बरोबर दहा, अधिक किंवा उणे शंभर वजा 'र' याचे वर्गमूळ. ऋण संख्येचे वर्गमूळ प्रत्यक्षात निघत नाही. म्हणून 'र' शंभराच्या वर जाऊच शकत नाही. तेव्हा जास्तीत जास्त क्षेत्रफळ शंभर चौरस मीटर, आणि त्या वेळी क्ष दहा. म्हणजे जागा चौरस हवी. संपले. नववी-दहावीच्या मुलाला येणाऱ्या गणितात कॉलेजच्या गणिताचे दार उघडले.

रामचंद्रांनी हा ग्रंथ १८५० साली कलकत्त्यात पदरचे पैसे खर्चून इंग्रजीत छापला. कलकत्त्यात कौतुक तर सोडाच, प्रतिकूल टीका झाली. पण ड्रिंकवॉटर बेथून यांच्यामार्फत तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती पडला. डी मॉर्गन त्या काळचे नामवंत गणितज्ञ, आणि जन्माने मदुराईचे. त्यांनी ग्रंथाचे महत्त्व ओळखले आणि कंपनी सरकारच्या संचालकांना पटवले. १८५९ साली ग्रंथाची लंडनमध्ये आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत डी मॉर्गन यांनी एक मुद्दा आग्रहाने मांडला. हिंदुस्थानच्या लोकांवर इंग्लंडमधली पुस्तके जशीच्या तशी लादून त्यांची बुद्धी जागी होणार नाही. त्यांच्या स्वतःच्या बीजगणिती परंपरेला जाग आणली तरच ती जागी होईल. या मार्गाने शाळांतले शिक्षण चालावे अशी त्यांची इच्छा होती. कंपनी सरकारने रामचंद्रांना खिलअत आणि दोन हजार रुपये दिले. डी मॉर्गन यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही.

रामचंद्रांचा एक आवडता विद्यार्थी होता, जकाउल्ला. जन्म १८३२. घराणे मोगल शाहजाद्यांना शिकवणाऱ्या उस्तादांचे. गुरूने लावलेली गणिताची गोडी त्यांनी आयुष्यभर जपली. अध्यापन केले, शिक्षण खात्यात काम केले, पुढे अलाहाबादच्या म्यूर सेंट्रल कॉलेजात प्राध्यापक झाले. आणि सतत लिहीत राहिले. अंकगणित, बीजगणित, भूमिती अशा विषयांवर शाळांसाठी त्यांनी उर्दूत इतकी पुस्तके केली, की शालेय गणिताचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम एकट्या माणसाने उभा केला असे म्हणावे लागते. सरकारने 'शम्सुल उलेमा' हा किताब दिला. १९१० मध्ये ते वारले तेव्हा काळ पालटला होता. वरच्या शिक्षणात इंग्रजी पक्की बसली होती आणि त्यांची गणिताची पुस्तके शाळांतून मागे पडली होती. तरीही मातृभाषेतूनच ज्ञान रुजते, हे मत त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. सी. एफ. अँड्र्यूज यांनी त्यांचे चरित्र लिहिले, ते १९२९ साली प्रसिद्ध झाले. गुरू कायस्थ घरात जन्मलेला आणि १८५२ मध्ये ख्रिस्ती झालेला, शिष्य धर्मनिष्ठ मुसलमान. आणि दोघांना जोडणारे गणित उर्दूतले. आज हे सांगताना देखील बरे वाटते.

मग हा प्रयोग बुडाला कसा? पहिले कारण १८५७. कॉलेजची लूट झाली, ग्रंथालय उद्ध्वस्त झाले. प्राचार्य फ्रान्सिस टेलर मारले गेले. फारसीचे प्राध्यापक इमाम बख्श सहबाई यांना, दिल्ली परत घेतल्यावर, इंग्रजांनी गोळ्या घातल्या. ख्रिस्ती म्हणून रामचंद्रांना बंडवाल्यांपासून लपावे लागले, आणि नंतर काळा माणूस म्हणून गोऱ्या अंमलदारांचा अपमान व मार सोसावा लागला. दोन्ही बाजूंनी मार खाल्लेला हा गणिताचा मास्तर पुढे रुडकीला गेला, पुन्हा दिल्लीत शाळा चालवली, पतियाळा संस्थानात शिक्षण खाते पाहिले आणि १८८० साली वारला. कॉलेज १८६४ मध्ये पुन्हा उघडले, पण जुनी उर्दू शाखा तिच्या जुन्या तेजाने काही परतली नाही. १८७७ मध्ये कॉलेजही बंद झाले. मौलवी अब्दुल हक यांनी या कॉलेजच्या इतिहासाला 'मरहूम देहली कॉलेज' असे नाव दिले, ते उगाच नव्हे.

पण तलवार आणि बंदूक हे एकच कारण नव्हते. दुसरे कारण त्याआधीच कागदावर उतरले होते. १८४४ साली, म्हणजे रामचंद्र शिक्षक झाले त्याच वर्षी, गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी ठराव केला की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावे. वर्गात गणित कितीही चांगले शिकवा, नोकरीचे दार इंग्रजीनेच उघडणार असेल तर बाप मुलाला कुठे पाठवील? आज इंग्रजी माध्यमाच्या दारात रांग लावणाऱ्या आईबापांना आम्ही म्हणूनच दोष देत नाही. ते हिशेब बरोबर करतात. तो हिशेब त्यांच्यापुढे मांडणारे दुसरे असतात.

आता मुंबई. येथे हेच काम दिल्लीच्याही आधी, १८२० नंतरच्या दशकात सुरू झाले होते. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे लष्करी इंजिनिअर. त्यांनी मराठी शिकून घेतली आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या पंडितांच्या मदतीने अंकगणित, बीजगणित, भूमिती यांची पुस्तके मराठीत तयार करवली. दिल्लीने शब्द मदरशातून घेतले, तर मुंबईने संस्कृतातून. मुसल्लसऐवजी त्रिकोण, जबर व मुकाबल्याऐवजी बीजगणित. पण बेरीज, वजाबाकी, बाकी हे बाजाराचे शब्द पंडितांनीही हाकलले नाहीत. मुलाला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेले होते.

१८४० मध्ये मुंबईत शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि काही वर्षांनी सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष झाले. पेरी इंग्रजीचे कट्टर पुरस्कर्ते. वरच्या शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच असावे आणि मंडळाचा पैसा मुख्यतः त्यावर जावा, असे त्यांचे मत. १८४७-४८ मध्ये यावर मंडळात मोठा वाद झाला. पेरींच्या विरुद्ध उभे राहिले ते कर्नल झालेले जर्व्हिस आणि मंडळाचे तिन्ही देशी सभासद : जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मुहम्मद इब्राहिम मकबा.

यातले शेवटचे नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. मकबा हे मुंबईच्या कोकणी मुस्लिम समाजातले. भाषांचे जाणकार. १८२३ साली त्यांनी 'तोहफा-ए-एल्फिन्स्टन' हे हिंदुस्थानीचे व्याकरण लिहिले होते. नाना शंकरशेटांचे नाव आज मुंबईत सर्वांना ठाऊक आहे आणि ते असायलाच हवे. पण लोकांच्या भाषेत लोकांना शिक्षण मिळावे म्हणून त्यांच्या खांद्याला खांदा लावून एक पारशी आणि एक मुसलमान उभा होता, हे किती जणांना माहीत आहे? इतक्या जुन्या काळी एक कोकणी मुसलमान देशी भाषांच्या बाजूने आपले मत सरकारदरबारी नोंदवतो, हा आपल्या समाजाच्या इतिहासातला लहान प्रसंग नाही.

सरकारने दोन्ही बाजूंना सांभाळणारे संदिग्ध उत्तर दिले. मंडळाचा कारभार मात्र पुढे बराचसा पेरींच्याच कलाने चालला. शाळा दुमजली झाली. खालच्या मजल्यावर मराठी, वरच्या मजल्यावर इंग्रजी. चौथी-सातवीपर्यंत 'वजाबाकी' आणि 'त्रिकोण' शिकलेल्या मुलाने वर गेल्यावर सारे शब्द टाकून नव्याने सुरुवात करायची. मधल्या जिन्यावर किती मुले गळली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. या सगळ्या वादाची साक्षेपी मांडणी ज्या प्रसिद्ध ग्रंथात झाली तो सय्यद नुरुल्ला आणि जे. पी. नाईक यांनी मिळून लिहिलेला आहे, हेही नमूद करण्याजोगे.

मातृभाषेची बाजू मांडताना आपल्या बाजूची चूकही कबूल केली पाहिजे. निजामाच्या राज्यात १९१७ साली दारुल तर्जुमा म्हणजे अनुवाद संस्था निघाली आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. गणितापासून वैद्यकापर्यंत सगळे उच्च शिक्षण उर्दूत. देशी भाषेत विद्यापीठ चालू शकते हे उस्मानियाने सिद्ध केले, आणि दिल्ली कॉलेजचे स्वप्न जणू दख्खनमध्ये पुन्हा जन्मले. मौलवी अब्दुल हक यांनी तर अनेक वर्षे औरंगाबादेत राहून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम पाहिले. हे सारे अभिमानाचे. पण मराठवाड्यातल्या मराठी मुलाचे काय? त्याच्यासाठी उर्दू ही मातृभाषा नव्हती. वरच्या वर्गात गेल्यावर त्याला त्रिकोण सोडून मुसल्लस पाठ करावा लागे. मुंबईत इंग्रजीने जे केले तेच तेथे उर्दूने केले. दिल्लीच्या मुलाच्या ओळखीचा शब्द परभणीच्या मुलाला परका होता. १९४८ नंतर ते चित्र बदलले. पण धडा राहतो. कोणतीही भाषा गणिताला मुळात जवळची नाही किंवा दूरचीही नाही. मुलाच्या जिभेवर जी आहे ती जवळची.

आणखीही एक कबुली. दिल्ली कॉलेजच्या त्या वर्गांत शहरातल्या मोजक्या घरांतली मुले होती. विणकराचा, कसायाचा, भिश्त्याचा मुलगा तिथे सहसा पोहोचत नव्हता, आणि मुलींना तर तिथे जागाच नव्हती. चांगला अभ्यासक्रम सर्वांपर्यंत पोहोचला नाही तर तो चांगला असूनही अपुराच.

हा इतिहास संपलेला नाही. महाराष्ट्रात १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली आणि मराठीबरोबर उर्दूसह इतर माध्यमांची पुस्तकेही तेथे तयार होऊ लागली. त्याच बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून २०१९ च्या जूनमध्ये मोठे वादळ उठले. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहितो आणि मग पाच. शिवाय संख्यानामांतली जोडाक्षरे लहान मुलांना अवघड जातात. म्हणून पुस्तकात 'वीस पाच' अशीही वाचनाची रीत दिली गेली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत टीका झाली, थट्टा झाली, मराठी बिघडवल्याचे आरोप झाले. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या. त्यांची सूचना पटो वा न पटो, त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र रास्त होता : मूल अडखळते ते गणितात की भाषेत? उर्दूतल्या 'पच्चीस'लाही हीच अडचण आहे आणि अरबी संख्यावाचनातही आधी एकक येतो. म्हणजे हा प्रश्न मराठी शाळेचा तितकाच आपल्या उर्दू शाळेचाही आहे. पण त्या वादात आपल्या समाजातून फारसे कोणी बोलले नाही, याची आम्हाला खंत वाटते.

आमच्या मुलांची स्थिती तर आणखी गुंतागुंतीची. घरात दखनी किंवा कोकणी बोली, गल्लीत मराठी, मकतबात उर्दू-अरबी आणि शाळेच्या पाटीवर इंग्रजी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. कोणते मूल कोणत्या भाषेत विचार करते हे पाहण्याची तसदी मात्र कोणीतरी घ्यावी लागेल. ती सरकार घेईल तेव्हा घेईल. आपल्या अंजुमन, शिक्षणसंस्था, वाचनालये आणि मोहल्ल्यातल्या शिकवण्या हे काम आजच सुरू करू शकतात.

म्हणजे काय करायचे? मूल मराठी माध्यमात असो, उर्दू असो वा इंग्रजी, पहिल्या काही वर्षांत त्याला हिशेब त्याच्या बोलीत सांगू द्यावा. बापाच्या दुकानातली उधारी, आईच्या शिलाईचे माप, ईदच्या बाजाराचा खर्च यांपासून गणित निघावे. पुढे वर्गसमीकरण आले की रामचंद्रांचे कुंपण शिकवावे, आणि ख्वारिज्मीने आपल्या बीजगणिताचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांसाठी लिहिला हेही सांगावे. भाऊबहिणींच्या हिश्श्यांचे गणित आमच्या प्रत्येक घरात कधी ना कधी येतेच. ते वहीवर करता आले तर मुलीला आपला हक्काचा वाटा किती हेही कळेल, आणि कोणी तो कमी दिला तर तिला ते दाखवूनही देता येईल.

इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. रामचंद्रांनी आपला ग्रंथ इंग्रजीतच लिहिला होता. पण तो सुचला उर्दूच्या वर्गात, मुलांशी त्यांच्या भाषेत बोलताना. इंग्रजी ही वरच्या मजल्याची खिडकी जरूर असावी; त्यासाठी खालचा मजला पाडायचे कारण नाही.

पुढच्या वेळी दुसरीतले मूल गणिताची वही घेऊन आपल्याजवळ बसेल तेव्हा त्याला 'वजाबाकी' हा शब्द कुठून आला ते सांगा. 'गुणाकार' कुठून आला तेही सांगा. मग त्याला गणित करू द्या. चुकले तर रागावू नका. कसे केलेस ते त्याच्याच शब्दांत विचारा. मास्टर रामचंद्र आणि मौलवी जकाउल्ला यांनी आयुष्य वेचले ते एवढ्यासाठीच.